‘सिम्स ३’ चालेल असा कॉम्प्युटर कोणता घ्यावा? सावद्याच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुमची लेक बारावी झाली, आता सावद्याहून ये-जा करून फैजपूरच्या कॉलेजात शिकणार. पुण्याला मामाकडे तिने ‘द सिम्स ३’, म्हणजे माणसं बनवून त्यांचं घर आणि संसार चालवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ, खेळला आणि घरी जो कॉम्प्युटर येईल त्यावर तो चाललाच पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. तुम्ही ३० हजार बाजूला काढून ठेवले आहेत. दुकानदाराने दोन लॅपटॉप दाखवले. एक २४ हजारांचा, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर आणि ४ जीबी रॅमवाला. त्याबद्दल तो म्हणाला, ‘गेम जुना आहे, आरामात चालेल.’ दुसरा ६५ हजारांचा गेमिंग लॅपटॉप, आय५-१२४५०एच प्रोसेसरचा. त्याबद्दल म्हणाला, ‘गेम म्हटला की एवढं लागतंच.’ तुम्ही विचारलंय, यातलं खरं काय?

ताई, या दोन्हींपैकी एकही घेऊ नका. तुमच्या ३० हजारांत कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला चांगला डेस्कटॉप घ्या: आठव्या किंवा नवव्या जनरेशनचा, म्हणजे पिढीचा, इंटेल आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी आणि पडद्यावरची चित्रं काढणारं एक छोटं ग्राफिक्स कार्ड. हा खेळ त्यावर त्या ६५ हजारांच्या लॅपटॉपपेक्षा कमी कटकटीने चालेल आणि मुलीचा अभ्यासही त्यावर निभेल. जळगावात माझं कॉम्प्युटर जोडणीचं आणि दुरुस्तीचं काम बऱ्याच वर्षांचं आहे. ‘जुना गेम’ या दोन शब्दांवर विसंबून घेतलेली यंत्रं माझ्या टेबलावर नेहमी येतात, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

‘सिम्स ३’ जून २००९ मध्ये आला. खोक्यावर लिहिलेल्या अटी वाचल्या तर आज हसू येईल इतक्या कमी आहेत: विंडोज एक्सपीवर २ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४, १ जीबी रॅम आणि १२८ एमबीचं ग्राफिक्स कार्ड. त्यानंतरची विंडोज व्हिस्टा असेल तर २.४ गिगाहर्ट्झ आणि दीड जीबी रॅम. दुकानदार याच अटी वाचतो आणि सेलेरॉनचा २.८ गिगाहर्ट्झचा आकडा पुढे करतो. पण त्या अटी फक्त मूळ खेळाच्या आहेत, आणि खेळ सुरू होण्यापुरत्या आहेत. २००९ ते २०१३ या काळात या खेळाचे ११ मोठे विस्तार निघाले, वर ९ छोटे सामानाचे पॅक. पाळीव प्राणी, ऋतू, विद्यापीठ, बेटं, भविष्यकाळ, एकेका विस्ताराने खेळात नवी माणसं, नव्या वस्तू आणि नवे हिशेब आणले. मामाच्या कॉम्प्युटरवर तुमच्या मुलीने पाहिला तो खेळ बहुधा यातले चार-पाच विस्तार घातलेलाच असणार. मूळ खेळाच्या मापाने यंत्र घेतलं तर पहिला आठवडा बरा जातो. मग पाऊस-बर्फाचा विस्तार टाकला की माणूस दारापर्यंत चालत जाऊन तिथेच अडकून उभा राहतो.

या खेळाची घडणच अशी आहे की तो वयाच्या मानाने जड आहे. आधीच्या ‘सिम्स २’ मध्ये, म्हणजे २००४ च्या खेळात, एका वेळी एकच घर उघडायचं. शेजारी जायचं तर लोडिंगची वाट पाहायची. ‘सिम्स ३’ ने सगळं गावच एका वेळी जिवंत केलं. तुमचं पात्र स्वयंपाक करत असतं तेव्हा गावातली बाकी कुटुंबंही नोकरीला जातात, लग्न करतात, म्हातारी होतात, गाड्या चालवतात, आणि प्रत्येकाचा रस्ता संगणकाला शोधावा लागतो. नंतरच्या ‘सिम्स ४’ मध्ये कंपनीने पुन्हा लोडिंगची पद्धत आणली. म्हणूनच २०१४ चा तो खेळ साध्या लॅपटॉपवर पुष्कळदा जास्त हलका चालतो. दुकानात कोणी ‘बघा, सिम्स चालतोय’ म्हणून ‘सिम्स ४’ चालवून दाखवला तर तो पुरावा धरू नका. त्याचा मूळ भाग ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, त्यामुळे दाखवायला तोच सोपा पडतो.

दुसरी गोष्ट अशी की गावाचा हा सगळा हिशेब मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे आतल्या एकाच काम करणाऱ्या भागावर, पडतो. गाडीला सहा बैल असले तरी जू एकाच्याच मानेवर असावं, तसा प्रकार. त्यामुळे कोअर किती, यापेक्षा एक कोअर किती ताकदीचा आणि तो ताकद किती वेळ टिकवतो हे बघायचं. आठ कोअर, दहा कोअर हे आकडे या खेळापुरते बाजूला ठेवा.

तिसरी गोष्ट रॅमची. खेळ ३२-बिटचा आहे, त्यामुळे काहीही केलं तरी तो स्वतःसाठी ४ जीबीच्या पलीकडे रॅम वापरू शकत नाही. ३२ जीबी घातल्याने खेळ पळत नाही. पण ४ जीबीच्या यंत्रात त्यातलीच अर्धीअधिक रॅम विंडोज खाऊन बसतं, मग खेळाला काय उरणार? म्हणून ८ जीबी ही खालची रेषा, आणि अभ्यास, ब्राउझर, व्हिडिओ हे सगळं धरून १६ जीबी योग्य.

आता तुम्हाला दाखवलेले दोन लॅपटॉप बघू. सेलेरॉन एन४०२० मध्ये दोनच कोअर असतात, मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ. २.८ हा आकडा काही क्षणांच्या उडीचा आहे. हा प्रोसेसर ६ वॅटचा, बॅटरी वाचवण्यासाठी बनवलेला. टायपिंग, फॉर्म भरणं, ऑनलाइन लेक्चर यासाठी ठीक. अशा लॅपटॉपात बहुतेक वेळा रॅम बोर्डावरच डकवलेली असते, वाढवता येत नाही, आणि डिस्कच्या जागी ६४ जीबीची ईएमएमसी नावाची संथ साठवण-चिप असते. विंडोजचे दोन अपडेट आले की ती भरते. ‘सिम्स ३’ त्यावर उघडेल, मुलगी पात्र बनवेल, घर बांधायला घेईल आणि तिथून पुढे नुसती वाट पाहणं. हा लॅपटॉप खेळासाठी नको, आणि चार वर्षांच्या शिक्षणासाठीही नको.

६५ हजारांचा लॅपटॉप ताकदीने उत्तम आहे, पण त्यात वेगळीच गोम आहे. आय५-१२४५०एच हा बाराव्या जनरेशनचा प्रोसेसर. त्यात चार मोठे आणि चार लहान असे दोन जातींचे कोअर असतात. २००९ च्या या खेळाला ही रचना कळत नाही. बाराव्या जनरेशनपासूनच्या इंटेल प्रोसेसरवर ‘सिम्स ३’ सुरूच होत नाही, ही जगभरच्या खेळाडूंची ठाऊक असलेली तक्रार आहे. खेळाडूंमधल्याच जाणकारांनी त्यावर एक छोटा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा प्रोग्रॅम, बनवला आहे, तो खेळाच्या ‘बिन’ फोल्डरात टाकून चालवला की बहुतेकांचं काम होतं. कोणाकडे असं यंत्र आधीच असेल तर हा उपाय आहेच. पण केवळ या खेळासाठी दुप्पट पैसे मोजून ही कटकट विकत का घ्यायची?

तर मग ऑफिसचा डेस्कटॉप. बँका, आयटी कंपन्या, कॉल सेंटर चार-पाच वर्षांनी आपली यंत्रं बदलतात. ती घाऊक भावात निघतात आणि साफ होऊन जळगाव, धुळे, भुसावळपर्यंत येतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही तीन नावं लक्षात ठेवा. ही यंत्रं दिवसभर चालण्यासाठी बांधलेली असतात. बोर्ड दणकट, पॉवर सप्लाय प्रामाणिक, आणि घरच्या जोडणीत चालतो तसला कॅबिनेटसोबत फुकट आलेला पॉवर सप्लाय त्यात नसतो.

मात्र या बाजारात फसवणूक होते ती ‘आय७’ या अक्षरांनी. दुकानात सांगतात, ‘ताई, आय७ आहे, त्याच्या वर काही नाही.’ तो चौथ्या जनरेशनचा आय७ असतो, आणि आठव्या जनरेशनचा आय५ त्याला मागे टाकतो. शिवाय मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची अधिकृत यादी जवळजवळ आठव्या जनरेशनपासूनच सुरू होते. त्यामुळे सहाव्या-सातव्या जनरेशनची यंत्रं ऑफिसांनी ढिगाने काढून टाकली आहेत आणि ती फार स्वस्त मिळतात. खेळ त्यांवर चालेलही, पण मुलीला पुढची चार वर्षं काढायची आहेत. म्हणून आठवी जनरेशन ही रेघ ओढा आणि तिच्या खाली उतरू नका.

मॉडेलवरून जनरेशन ओळखता येते. ऑप्टिप्लेक्स ३०५० आणि ७०५० ही सहावी-सातवी. ३०६० आणि ७०६० ही आठवी, ३०७० आणि ७०७० ही नववी. एलिटडेस्क ८०० मध्ये जी३ म्हणजे सहावी-सातवी, जी४ म्हणजे आठवीपासून. थिंकसेंटरमध्ये एम७१० जुना, एम७२० आठवीपासून. प्रोसेसरचं नाव आय५-८५०० असेल तर बेलाशक घ्या: सहा कोअर, मूळ वेग ३ गिगाहर्ट्झ, एका कोअरवर ४.१ पर्यंत जातो. या खेळाला नेमकं हेच लागतं.

आकाराकडेही लक्ष द्या, कारण कार्ड बसेल की नाही ते त्यावर ठरतं. पुस्तकाएवढा ‘मायक्रो’ किंवा ‘टायनी’ डबा दिसायला गोंडस, पण त्यात कार्डाला जागाच नाही. मधला, आडवा-बारीक ‘एसएफएफ’ डबा चालेल, त्यात फक्त बुटकं, म्हणजे लो प्रोफाइल कार्ड बसतं. उभा टॉवर मिळाला तर सर्वांत चांगलं. जागा मोठी, हवा खेळती, कार्डाची निवडही मोकळी.

कार्ड खरंच लागतं का? आठव्या जनरेशनच्या आय५ मधलं यूएचडी ६३० हे अंगभूत ग्राफिक्स मूळ खेळ कमी-मध्यम सेटिंगवर चालवतं. सुरुवातीला पैसे कमी पडले तर आधी डबा घ्या, कार्ड दिवाळीला टाका, काही बिघडत नाही. पण या खेळातली मुलांची सर्वांत आवडती सोय म्हणजे कोणत्याही वस्तूला हवा तो रंग आणि हवी ती नक्षी देणं. सोफ्याला पैठणीचा काठ, भिंतीला शेणामातीचा पोत, सगळं होतं. खान्देशातलं धाब्याचं घर, पुढे ओटा, मागे गोठा असं बांधायला घेतलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ती घरं पाहून मला मनापासून आनंद होतो. ही प्रत्येक नक्षी म्हणजे ग्राफिक्सच्या मेमरीवर चढणारं नवं चित्र. इथे स्वतःची मेमरी असलेलं कार्ड लगेच फरक दाखवतं.

एसएफएफ डब्यासाठी एनव्हिडियाचं जीटी १०३०, २ जीबी, पुरेसं आहे. ३० वॅटचं कार्ड, वेगळी वायर लागत नाही. पण याच नावाची दोन कार्डं बाजारात आहेत: एक जीडीडीआर५ मेमरीचं, दुसरं डीडीआर४ चं. पहिल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७ च्या आसपास. खोकं सारखंच, नाव सारखंच, आणि काम निम्म्याच्या आसपास. खोक्यावर ‘जीडीडीआर५’ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. टॉवर असेल आणि जुनं चांगलं जीटीएक्स १६५० मिळालं तर तेच घ्या. ७५ वॅटचं, वेगळी वायर न लागणारं मॉडेल बघा. त्यावर हा खेळ सर्वांत वरच्या सेटिंगला चालतो. जीटी ७३० कितीही स्वस्त सांगितलं तरी नको. आणि ‘जीटीएक्स १०५० टीआय’ अविश्वसनीय स्वस्तात दिसलं तर सावध राहा. दहा-बारा वर्षं जुन्या कार्डात खोटं नाव भरून विकण्याचे प्रकार सर्रास होतात. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम अशा बहुतेक कार्डांचं पितळ उघडं पाडतो.

एसएसडीबद्दल फार बोलत नाही: हवीच, २५६ जीबी चालेल, ५१२ असेल तर उत्तम. गाव उघडायला आणि सेव्ह करायला लागणारा वेळ साध्या हार्ड डिस्कच्या मानाने बराच कमी होतो. एसएसडीचा प्रकार एनव्हीएमई की साटा, या खेळाला फारसा फरक पडत नाही.

पैशांचं गणित असं बसवा: निम्म्याच्या आसपास डब्याला, उरलेल्यात कार्ड, मॉनिटर आणि यूपीएस. रॅम आणि एसएसडीचे भाव सारखे हलतात, म्हणून रॅम आणि एसएसडी बसवलेलाच डबा घ्या, नंतर घालू म्हणू नका. मॉनिटर जुना २२ इंची फुल एचडी पुरतो.

आता आपल्या भागाची गोष्ट, जी पुण्या-मुंबईचे सल्लागार सांगत नाहीत. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. खोलीतच ३८-४० असेल तर कॉम्प्युटरच्या आतली हवा किती तापेल? प्रोसेसर १०० अंशांजवळ पोचला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. पातळ लॅपटॉप इथे लवकर हरतो. उदाहरण म्हणून लॅपटॉपमधला आय५-८२५०यू बघा: उडी ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत, पण मूळ वेग १.६. एप्रिलच्या दुपारी तासभर खेळलं की तो खालच्या आकड्याकडे सरकतो. एका कोअरवर चालणारा खेळ तिथे लगेच अडखळतो. डेस्कटॉपचा आय५-८५०० अगदी दमला तरी त्याचा मूळ वेगच ३ आहे. मी डेस्कटॉपचा आग्रह धरतो त्यामागचं सर्वांत मोठं कारण हेच.

डबा घेतल्याबरोबर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वर बसवलेल्या कूलरकडे नेणारा लेप, बदलून घ्या. २०१८-१९ च्या यंत्रात कारखान्यातली पेस्ट वाळून खडू झालेली असते. काम अर्ध्या तासाचं आहे आणि तापमान लगेच उतरतं. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ पंख्यात गच्च बसते, म्हणून आखाजीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सफाईत एकदा ब्लोअर मारून घ्या. जिनिंगच्या जवळ घर असेल तर कापसाचा तुसही येतो, मग आणखी एकदा.

डबा लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका, मागून गरम हवा निघायला वीतभर जागा सोडा. आणि कूलर! खान्देशात उन्हाळाभर कूलर चालतोच. त्याच्या वाऱ्याच्या थेट झोतात कॉम्प्युटर ठेवला तर गार वाटतो खरा, पण ती हवा ओली असते. स्लॉटवर, पिनांवर गंज धरतो, धूळ चिकटून चिखल होतो. पावसाळ्यात ‘अचानक बंद पडला’ म्हणून आलेली यंत्रं उघडली की आत हेच दिसतं. खोली कूलरने गार करा, झोत माणसांवर असू द्या, डबा बाजूला.

विजेबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. ६०० व्हीएचा यूपीएस वेगळ्या खर्चात धरू नका, तो यंत्राचाच भाग समजा. तुमचं घर मळ्यात असेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधी अर्थिंग तपासा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटर जोडूच नका. ‘सिम्स ३’ सेव्ह व्हायला वेळ घेतो, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर सेव्ह खराब होतं, महिनोन् महिने वाढवलेलं कुटुंब उघडत नाही. अशा वेळी मुलीला सांगा, घाबरून काही डिलीट करू नकोस. सेव्हच्या फोल्डरात त्याच नावाचं, शेवटी ‘बॅकअप’ असलेलं आणखी एक फोल्डर असतं. खराब फोल्डर बाजूला काढून ठेवायचं आणि बॅकअपवाल्याच्या नावातला तेवढा शब्द, आधीच्या टिंबासकट, काढायचा. आधीचं सेव्ह परत मिळतं.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. डबा उघडून दाखवायला सांगा. सीपीयू-झेड नावाचा प्रोग्रॅम चालवून प्रोसेसरचं नाव आणि रॅम स्वतः वाचा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची तब्येत किती टक्के आहे ते बघा, ८० च्या खाली असेल तर बदलून मागा. अर्धा तास यंत्र ताणून चालवायला लावा आणि तापमान बघा. शक्यतो दुपारी जा, सकाळच्या गारव्यात सगळीच यंत्रं चांगली वाटतात. बिलावर मॉडेल, प्रोसेसर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. ‘आपलंच दुकान आहे ताई’ या वाक्यावर वॉरंटी मिळत नाही.

तुम्हाला जुनं यंत्र नकोच असेल, तर नव्या जोडणीत एएमडीचा रायझन ५ ५६००जी घ्या. त्यातलं अंगभूत वेगा ग्राफिक्स यूएचडी ६३० पेक्षा बरंच सरस आहे, कार्ड न घेता खेळ छान चालतो, आणि मोठ्या-लहान कोअरची ती अडचण येत नाही. फक्त रॅम ८ च्या दोन कांड्या लावा, १६ ची एक नको. अंगभूत ग्राफिक्स रॅमच उसनी घेऊन चालतं आणि दोन कांड्यांनी त्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो. मॉनिटर धरून हे ३० हजारांच्या वर जाईल, हे मनाशी धरूनच चला.

खेळ विकत घेताना जुन्या डीव्हीडीच्या मागे लागू नका. त्या काळच्या बऱ्याच डिस्कवरची कॉपी-संरक्षणाची पद्धत विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टनेच बंद केली आहे, त्यामुळे अस्सल डिस्कही अडते. ‘सिम्स २’ च्या जुन्या डिस्कवाल्यांना हा अनुभव जास्त येतो. त्यांच्यासाठी कंपनीने ३१ जानेवारी २०२५ ला पहिल्या दोन्ही सिम्सची नव्या विंडोजवर चालणारी आवृत्ती काढली आहे. ‘सिम्स ३’ स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आणि तो काढणाऱ्या ईए कंपनीच्या ॲपवर मिळतो. सेलमध्ये भाव पुष्कळ उतरतात, तोवर थांबा. पेनड्राइव्हवर फुकट मिळणारा खेळ मात्र घरात घेऊ नका. त्यासोबत येणारे व्हायरस काढणं हे माझ्या रोजच्या कामातलं एक काम आहे.

खेळ टाकल्यावर दोन गोष्टी करायच्याच. पहिली, फ्रेमची, म्हणजे सेकंदाला पडद्यावर काढायच्या चित्रांची मर्यादा. या खेळाला स्वतःची मर्यादा नाही. साध्या मेनूवरही कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं काढत बसतं आणि उगाच तापतं. आपल्या उन्हाळ्यात तर हे करायलाच हवं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट ६० वर ठेवा. पंख्याचा आवाज लगेच कमी झालेला ऐकू येईल. दुसरी, कार्डाची ओळख. खेळाकडे त्याच्या काळच्या कार्डांची यादी आहे, नंतरची कार्डं त्यात नाहीत. अनोळखी कार्ड दिसलं की तो मेमरी ३२ एमबीच आहे असं धरून चालतो. डॉक्युमेंट्समधल्या ‘द सिम्स ३’ फोल्डरात ‘डिव्हाइसकॉन्फिग’ नावाची नोंदवही असते, तिच्यात टेक्स्चर मेमरीपुढे ३२ दिसलं तर हेच झालंय असं समजा. खेळाच्या ग्राफिक्स नियमांच्या फाइलमध्ये ते दुरुस्त करता येतं. मूळ फाइलची प्रत ठेवून मुलगी स्वतः करू शकेल, नाहीतर यंत्र घेऊन या, मी करून देईन.

पुढे कधी खेळ जड वाटू लागला तर त्याच फोल्डरातल्या, नावात ‘कॅश’ असलेल्या पाच पॅकेज फायली डिलीट करायच्या. खेळ त्या पुन्हा बनवतो, सेव्हला धक्का लागत नाही. सेव्ह करताना ‘एरर १२’ आला तर रॅमची मर्यादा भरली असं समजायचं: थोड्या वेळाने ‘सेव्ह ॲज’ करून बघायचं आणि खेळ बंद करून पुन्हा उघडायचा.

सगळे ११ विस्तार एकदम टाकू नका. आधी मूळ खेळ आणि ऋतूंचा विस्तार, तो नीट चालला की पुढचा. बेटांच्या विस्तारातलं इस्ला पॅराडिसो हे गाव दिसायला सुंदर आहे, पण होड्यांच्या आणि रस्त्यांच्या गुंत्यामुळे ते चांगल्या यंत्रावरही अडखळतं. मूळ खेळातल्या सनसेट व्हॅलीपासून सुरुवात करू द्या. डबा पसंत केलात की पैसे देण्याआधी मागच्या स्टिकरचा फोटो मला पाठवा, त्यावरचं मॉडेल बघून घ्यायचा की नाही ते सांगतो.